सुरतेची वखार आणि मिरजेचे इस्पितळ

वैद्यकीय मिशनरी हा शब्द उच्चारला, की मराठी सुशिक्षिताच्या मनात दोन ठराविक सुरांपैकी एक आपोआप लागतो. एक कृतज्ञतेचा. ऐन तारुण्यात घरदार सोडून, समुद्र ओलांडून, परक्या मुलखातील रोग्यांच्या जखमा धुवावयास आलेला देवमाणूस, असे चित्र त्यात उभे राहते. दुसरा सूर संशयाचा. औषधाच्या पुडीत शुभवर्तमान गुंडाळून देणारा धूर्त धर्मप्रसारक, हे त्यातील चित्र. यांपैकी एकही सूर निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णाच्या असहायतेचा धर्मप्रसारासाठी उपयोग होऊ नये, असे गांधीजींनी वारंवार बजावले होते आणि त्या बजावण्याला कारणे होती. तसेच ज्यांची दृष्टी परत आली त्यांची कृतज्ञताही खरी होती. परंतु ह्या दोन सुरांच्या गलबल्यात एक साधी गोष्ट आमच्या टीकाकारांच्या नजरेतून निसटली. हे डॉक्टर लिहीत असत. पुष्कळ लिहीत असत. पत्रे, वार्षिक अहवाल, रुग्णांच्या हकीकती, निवृत्तीनंतरच्या आठवणी, असे हे एक स्वतंत्र गद्य आहे. त्याला स्वतःची घडण आहे, खोडी आहेत आणि क्वचित मोठे यशही आहे. त्यातील पुष्कळसे मराठी माणसांविषयी आहे. वाङ्मय म्हणून ते कसे वाचावे, हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

आरंभ सुरतेपासून करावयास हवा. मिशनच्या इस्पितळांच्या इतिहासात सुरतेचे स्थान काही पहिले नव्हे. तथापि सतराव्या शतकातील सुरतेच्या इंग्रजी वखारीत डॉक्टर आणि पाद्री हे दोन निराळे इसम होते, निराळ्या पगाराचे आणि निराळ्या कामाचे, आणि दोन्ही जातींच्या माणसांनी आपापले लेखन मागे ठेविले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हे दोन इसम एकाच अंगरख्यात शिरले. एकत्र आल्यावर त्यांच्या गद्याचे काय झाले हे पाहावयाचे, तर ते वेगळे असताना कसे लिहीत होते हे आधी पाहिले पाहिजे.

पाद्र्यांपैकी दोघे आमच्या वाचकांना इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक असतील. पहिला जॉन एस्कॅलियट. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा हा वखारीचा धर्मोपदेशक होता, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस त्याने नॉर्विचच्या टॉमस ब्राउनला त्या प्रसंगाचे लांब पत्र लिहिले. ब्राउन म्हणजे ‘रिलिजिओ मेडिसी’चा कर्ता, वैद्याच्या धर्मश्रद्धेवर इंग्रजीत लिहिलेला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ त्याचाच. सुरतेतून एका पाद्र्याने एका डॉक्टरला पत्र लिहावे आणि त्यातून शिवाजीचे वर्णन इंग्लंडला पोहोचावे, हा योग मोठा मौजेचा आहे. आमचे इतिहासकार ह्या पत्रातील माहितीचा उपयोग करतात. पत्राच्या स्वभावाकडे कोणी पाहत नाही. एस्कॅलियटने शिवाजीला स्वतः पाहिले नव्हते. ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून तो लिहितो, आणि शिवाजीची उंची सांगताना आपल्याच उंचीशी तिची तुलना करतो: आपल्याहून थोडा बुटका, पण बांधा उत्तम. लगेच नीतीचा निवाडा येतो, कपटी, क्रूर, अविश्वासू. शरीराचे वर्णन एका वाक्यात उरकून आत्म्यावर शिक्का मारण्याची ही घाई पाद्र्याची आहे. ते पत्र ज्याला लिहिले तो वैद्य अशी घाई करता ना, असे ब्राउनचे गद्य वाचलेल्या कोणासही वाटेल.

दुसरा जॉन ओव्हिंग्टन. हा जहाजावरचा धर्मोपदेशक. १६८९ साली सुरतेस आला आणि १६९६ साली त्याने आपले प्रवासवर्णन छापले. सुरतेत त्याने एक इस्पितळ पाहिले. ते होते वाण्यांचे पांजरपोळ! गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांची तेथे शुश्रूषा होई. इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांनाही रक्ताचे भोजन मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला मोल देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, अशी हकीकत तो देतो. पुढच्या अनेक प्रवाशांनी ही गोष्ट रंगवून सांगितली. ख्रिस्ती उपदेशकाने परक्या मुलखात आल्यावर जे पहिले इस्पितळ वर्णिले, ते चालविणारे परधर्मीय होते आणि त्यातील रोगी मुके होते. हा तपशील पुढील विवेचनासाठी आम्ही बाजूस काढून ठेवतो.

आता डॉक्टर. जॉन फ्रायर हा केंब्रिजचा पदवीधर. कंपनीचा शल्यवैद्य म्हणून १६७२ च्या डिसेंबरात इंग्लंड सोडले तेव्हा त्याचे वय पंचविशीच्या आतबाहेर होते. मद्रासचा किनारा, मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा, कारवार, इराण असा फिरत तो १६८२ साली परतला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी, १६९८ मध्ये, त्याचा आठ दीर्घ पत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विल्यम क्रुकने १९०९ ते १९१५ या काळात त्याची तीन खंडांची टीपायुक्त आवृत्ती काढली. कोशकारांना हा ग्रंथ ठाऊक आहे, कारण ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात फ्रायरचे दाखले पानोपानी येतात; शिवकालाच्या अभ्यासकांनाही ठाऊक आहे, कारण राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकीकत त्यात समाविष्ट आहे. साहित्याच्या वाचकाने मात्र त्याला अद्याप जवळ केलेले नाही. त्याची इंग्रजी वाकडीतिकडी आहे, शब्द अवघड आहेत, वाक्ये एकात एक गुंतलेली आहेत; एका वाक्यात तो मिरी मोजतो, देवळाची चेष्टा करतो आणि ताप उतरवितो. शिवाजीच्या अंमलाविषयी त्याचे शब्द कडू आहेत आणि ते वाचताना मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडल्याखेरीज राहणार नाही. पण गद्य चांगले की वाईट हे ठरविण्याचे काम त्या आठीकडे सोपवून चालावयाचे नाही.

१६७५ साली फ्रायरला जुन्नरच्या मोगल सुभेदाराचे बोलावणे आले. जनानखान्यातील रुग्णाला पाहावयाचे होते. त्या भेटीचे वर्णन हे आमच्या मते सतराव्या शतकातील दक्खनविषयक प्रवासलेखनातील एक उत्कृष्ट स्थळ आहे. त्याला एका पडदे लावलेल्या पलंगाजवळ नेण्यात आले. दुभाष्याला आत येण्याची परवानगी नाही. पडद्याखालून हात घालून नाडी पाहावयाची. त्याने पाहिली आणि सांगितले की ही प्रकृती सुदृढ आहे. तेव्हा कळले की तो हात एका धडधाकट दासीचा होता. डॉक्टर खरे बोलतो की नाही याची ती परीक्षा होती. त्यानंतर दुसरा हात पुढे आला, क्षीण नाडीचा. तो खऱ्या रुग्णाचा. पुढे आणखी एका स्त्रीचे रक्त काढण्याचा प्रसंग आला असता तो पडदाच खाली कोसळला, आणि जाळे पडल्यावर पाखरांची व्हावी तशी त्या स्त्रियांची तारांबळ उडाली. पळाले मात्र कोणीच नाही! चेहऱ्यावर हात घेऊन बोटांच्या फटींतून त्या ह्या फिरंगी वैद्याला न्याहाळीत राहिल्या.

हे स्थळ आम्ही इतके विस्ताराने सांगितले, कारण त्यात पुढील अडीचशे वर्षांच्या वैद्यकीय गद्याची कसोटी आहे. डॉक्टर रुग्णाची परीक्षा घेतो हे सर्वांना ठाऊक आहे. येथे रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरची परीक्षा घेतली, आणि डॉक्टरने ती गोष्ट न लपविता, उलट चवीने, लिहून ठेविली. पाहणारा तो एकटा नाही. बोटांच्या फटींतून त्याच्याकडेही कोणी पाहत आहे, याची त्याला जाणीव आहे. फ्रायरला ह्या स्त्रियांचा उद्धार करावयाचा नव्हता. कंपनीला जुन्नरशी व्यापार हवा होता आणि त्याला फी हवी होती. हेतू इतका उघडा व्यावहारिक असल्यामुळेच त्याच्या लेखणीवर कसले दडपण नाही. मुंबईच्या हवेविषयी लिहितानाही असेच घडते: आलेल्या पाचशे इंग्रजांतले शंभरही जगत नाहीत, हे तो हिशेबनिसाच्या कोरडेपणाने सांगतो, रोगांची नावे एकामागून एक लिहितो, आणि त्यात ईश्वरी कोपाला वा ईश्वरी योजनेला फारसे बोलावीत नाही. वखारीत पाद्री शेजारच्याच खोलीत राहत असल्याने ते काम त्याचे, असे जणू तो समजून चालला आहे.

तेथून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा प्रवास भरभर करू. कंपनीने आपल्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक दिली नव्हती. १८१३ च्या सनदेने दार किलकिले झाले. सुरतेस १८१५ पासून लंडन मिशनरी सोसायटीचे काम चालू झाले, आणि १८४० नंतरच्या दशकात ते आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती गेले. शाळा आणि छापखाना ही त्यांची साधने. त्यांची धग किती लागली हे मराठी वाचकाला दादोबा पांडुरंगांच्या चरित्रावरून ठाऊक आहेच. आमचे हे पहिले मोठे व्याकरणकार सुरतेत शिक्षक असतानाच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने तेथील मानवधर्मसभा उभी राहिली. त्या काळच्या सुरतेत धर्माचा वाद शाळेच्या बाकावर चालला होता, इस्पितळाच्या खाटेवर तो अजून यावयाचा होता.

मुंबईस १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांत गॉर्डन हॉल होता. निघण्यापूर्वी त्याने फिलाडेल्फियास काही वैद्यकीय शिक्षण घेतले होते. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असता तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्याने रोग्यांना वाटले आणि परतीच्या वाटेवर दोर्ली-धापूर येथे स्वतः पटकीनेच मरण पावला. वय अवघे एकेचाळीस. ह्या मरणापाशी वैद्य आणि उपदेशक एक झाले असे म्हणता येईल. ह्या मरणापाशीच त्या नव्या गद्याचा साचाही घडला असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील गावोगावच्या चर्चमध्ये हॉलचे चरित्र वाचले गेले, आणि ते वाचून आणखी तरुण निघाले. लेखनाचे प्रयोजन बदलले. फ्रायरचे पत्र लंडनच्या जिज्ञासू वाचकासाठी होते. मिशनचे पत्र त्या वाचकासाठी होते जो रविवारी थाळीत पैसे टाकतो.

हा फरक क्षुल्लक समजू नये. देणगीदारासाठी लिहिलेल्या गद्याची काही लक्षणे ठरून जातात. रुग्ण प्रवेश करतो तो अंधारातून. त्याला आधी वैदूने, भगताने, डागण्या देणाऱ्याने छळलेले असते. इस्पितळात दिवा असतो. शस्त्रक्रिया होते, रुग्ण बरा होतो, आणि कथेच्या शेवटी तो एकतर गुडघे टेकतो, किंवा किमानपक्षी एक पुस्तिका घेऊन गावी जातो. बरा न झालेला रुग्ण ह्या कथेत सहसा येत नाही; आलाच तर मृत्युशय्येवर शांत झालेला असतो. ‘मला बरे केलेत, आभारी आहे, पण माझा विठोबा मला पुरे’ असे म्हणून घरी जाणारा रुग्ण प्रत्यक्षात बहुसंख्य असला पाहिजे, हे इस्पितळांच्या आणि धर्मांतरितांच्या संख्येवरून सहज अनुमानता येते. मिशनच्या गद्यातला हा सर्वांत मोठा गाळलेला भाग होय. आणि तो लबाडीने गाळला असे म्हणणे हा अन्याय ठरेल. त्या माणसासाठी त्या कथेत जागाच ठेवलेली नाही. सुरतेच्या पांजरपोळातील जनावरांसारखा हा रुग्ण बोलत नाही, आणि जे बोलतो ते त्याच्या तोंडी घातलेले असते.

ह्या पार्श्वभूमीवर मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांचे उदाहरण पाहावे. जन्म कॅनडात, १८६५. न्यूयॉर्कला वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते पत्नीसह हिंदुस्थानात आले. आधी सांगलीस लहानसा दवाखाना, नंतर मिरजेस १८९४ मध्ये इस्पितळ, १८९७ पासून वैद्यकीय शाळा. मोतीबिंदूच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांबद्दल त्यांची ख्याती सर्व दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यांच्याशी स्नेह होता. १९२८ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केले, त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले, आणि १९३३ साली वारले. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या आरोग्यधामाभोवतीची वस्ती वानलेसवाडी ह्या नावाने ओळखली जाते. परक्या माणसाच्या नावाला ‘वाडी’ जोडून ते गावाच्या नावात मुरवून टाकणे हा मराठी भाषेचा आपला एक न्याय आहे, आणि आमच्या समजुतीने तो सर ह्या पदवीहून मोठा.

निवृत्तीनंतर, १९३२ साली, त्यांचे आठवणींचे पुस्तक न्यूयॉर्कहून निघाले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘हिंदुस्थानात कामावर असलेला एक अमेरिकन डॉक्टर’ असा होतो. ह्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या माणसाने जवळजवळ चार दशके मिशनच्या पगारावर काढली, त्याच्या पुस्तकाच्या नावात मिशनरी हा शब्द नाही. ‘सेवा’ नाही, ‘त्याग’ नाही, ‘हाक’ नाही, ‘काम’ आहे. ज्याच्या हातून हजारो मोतीबिंदू निघाले त्याला अखेरीस आपल्या आयुष्यासाठी हाच शब्द पुरेसा वाटला असेल, तर तो शब्द त्याने चांगला निवडला. अर्थात पुस्तक मिशनच्या वाचकवर्गासाठीच आहे आणि वर सांगितलेल्या साच्यापासून ते पूर्णपणे सुटले आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ह्या जातीच्या लेखनात एक नियम आम्हांस वारंवार आढळला आहे. लेखक जेथे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी असतो, तेथे त्याचे गद्य फ्रायरच्या कुळातले होते. अवयव, अवजार, वेळ, चूक, उपाय. टेबलापासून दूर गेला, की वाक्याला प्रवचनाचा ठेका येतो. दोन इसम एका अंगरख्यात शिरल्याचे आम्ही वर म्हटले. वाचताना कोणता बोलतो आहे हे परिच्छेदापरिच्छेदाला ओळखू येते.

मिरजेचेच आणखी एक उदाहरण घेऊ, म्हणजे मिशनच्या कथेत काय येऊ शकत नव्हते ते कळेल. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर मिरजेस आले असता त्यांना प्लेग झाला आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात गायनसेवा करून ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरज सांगते. खाँसाहेब पुढे मिरजेसच राहिले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते. इस्पितळ आणि दर्गा एकाच गावात होते. मिरजेच्या सामान्य माणसाने ह्या दोहोंत निवड केली असे दिसत नाही. तो डोळ्यांसाठी वानलेसकडे जाई आणि नवसासाठी दर्ग्यात. कोणाला हा गोंधळ वाटेल. आम्हांस ते एक शहाणपण वाटते. आणि हे शहाणपण टिपील असे गद्य मिशनच्या बाजूनेही झाले नाही आणि, लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी, की आमच्या बाजूनेही फारसे झाले नाही. प्रकाश एकाच खिडकीतून येतो असे मानणाऱ्याला ते दिसणे कठीण, हे समजू शकते. आम्हांला काय अडचण होती?

येथे आफ्रिकेतील एका प्रसिद्ध उदाहरणाचा उपयोग होईल. आल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली लांबारेनेला गेले. ते धर्मशास्त्राचे पंडित होते आणि त्यांचे विचार पॅरिसच्या मिशनरी मंडळाला पाखंडी वाटत. मंडळाने त्यांना घेतले ते ह्या बोलीवर, की त्यांनी डॉक्टरकी करावी, प्रवचन करू नये. उपदेशकाला असे बाहेरून मुके केल्याचा वाङ्मयीन परिणाम १९२१ च्या त्यांच्या पहिल्या आफ्रिका-वृत्तान्तात दिसतो. लाकडाचा भाव, पडवीच्या छपराची गळती, मजुरांशी वाद, झोपेच्या रोगाचे निदान ह्यांनी ते पुस्तक भरलेले आहे. श्वाइट्झरांचा कृष्णवर्णीयांविषयीचा वडीलकीचा सूर आज कानाला खटकतो आणि तो खटकावाच. परंतु त्यांच्या गद्यात जे बळ आहे ते त्या बोलीतून आले, असे आमचे मत आहे.

मग मराठीत काय आहे? ख्रिस्ती मिशनला आतून पाहणारे आमचे सर्वश्रेष्ठ गद्य म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, हे सांगावयास नकोच. मिशनचे बंगले, मडमा, दुष्काळातील मुले, प्लेग हे सारे त्यात आहे. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्ष्मीबाईंचे महत्त्व असे, की जुन्नरच्या त्या स्त्रियांनी बोटांच्या फटींतून जे पाहिले ते अखेर कोणीतरी लिहिले. गोऱ्या माणसाच्या दयेखाली आलेली बाई त्या दयेकडे मान वर करून पाहते. तिला हसू येते, ते ती दाबीत नाही. प्रेम वाटते, तेही दाबीत नाही. ती उपकार विसरत नाही आणि उपकाराखाली वाकतही नाही. देणगीदाराच्या वाचनासाठी लिहिलेल्या हजारो पानांत जो रुग्ण, जो अनाथ, जो धर्मांतरित मुका राहिला, त्याला ‘स्मृतिचित्रे’त वाचा फुटली. मराठी टीकेने ह्या ग्रंथाच्या विनोदाची आणि साधेपणाची पुष्कळ स्तुती केली आहे. मिशनच्या अहवालांच्या शेजारी ठेवून तो वाचला, तर त्या विनोदाची धार किती खोल जाते हे अधिक चांगले कळेल.

पण लक्ष्मीबाई डॉक्टर नव्हत्या. आमच्यातला डॉक्टर, तोही ख्रिस्ती, तोही तरुण, तोही समुद्रापार जाऊन आलेला, असा कोणी झाला नाही काय? झाला, म्हणजे झाली. आणि येथे आम्हांस आमच्याच वाङ्मयाच्या पक्षपाताबद्दल बोलणे भाग आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. तेथे काम सुरू करण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्या वारल्या. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ आली, त्यावर नाटक झाले, २०१९ मध्ये चित्रपट आला. हा मान यथायोग्यच आहे. त्या आयुष्यात शोकांतिकेचे सर्व सामर्थ्य आहे आणि गोपाळरावांसारखे विलक्षण पात्र आहे.

त्याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये डॉ. गुरुबाई करमरकर पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या ख्रिस्ती होत्या. त्या परत आल्या, अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागल्या आणि मुंबईत वीस वर्षांहून अधिक काळ गरीब बायकांवर आणि मुलांवर उपचार करीत राहिल्या. सामान्य मराठी वाचकाला विचारून पाहावे, की हे नाव ऐकले आहे काय. बहुधा नाही असेच उत्तर येईल. एकीने प्रत्यक्ष काम करण्यापूर्वीच मृत्यू गाठला आणि ती आमच्या वाङ्मयात अमर झाली; दुसरीने ते काम प्रत्यक्ष केले आणि ती आमच्या वाङ्मयात जवळजवळ शिरलीच नाही. याचे एक उत्तर असे देता येईल, की मरण हे कादंबरीकाराला जितके उपयोगी तितके रोजचे काम नव्हे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचेच पाहा ना. चीनमध्ये १९४२ साली तरुणपणी ते वारले, आणि चार वर्षांच्या आत त्यांच्यावर पुस्तकही निघाले व शांतारामबापूंचा चित्रपटही. हे उत्तर खोटे नाही. तथापि ते पुरेसेही नाही. वानलेसांच्या नावाची वाडी झाली, कारण ते पाहुणे होते. पाहुण्याच्या धर्माचा आम्हांस त्रास होत नाही. गुरुबाईंचा धर्म मात्र घरातला होता. मिशनच्या कथेत त्या बसत होत्या, पण तेथे त्या ‘आमच्या कार्याचे फळ’ म्हणून बसणार. आमच्या राष्ट्रीय कथेत त्यांना बसविण्यास आम्ही कचरलो. धर्मांतरापाशी येऊन थांबलेली आनंदीबाई आम्हांला आपली वाटते, आणि ती रेषा ओलांडलेली गुरुबाई परकी, ही निवड आमच्या वाचकांनी आणि लेखकांनी शंभर वर्षे न बोलता केली. रमाबाईंसारख्या प्रचंड व्यक्तीलाही ह्या निवडीची झळ लागली, मग करमरकरबाईंची काय कथा.

यावर कोणी म्हणेल, की सामग्रीच नाही. हे आम्हांस मान्य नाही. गुरुबाई ज्या अमेरिकन मंडळाच्या कामात होत्या त्याचे दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात जतन केलेले आहे. आणि इतक्या दूर जाण्याची गरज पडण्याआधी, १८४२ मध्ये अहमदनगरास निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने खंड आहेतच, मराठीत आहेत, आणि आमच्या संशोधकांनी ते आजवर मुख्यतः वादविवादांसाठी चाळले आहेत. तेथे फ्रायरची नजर आणि लक्ष्मीबाईंचे कान घेऊन बसावयास हवे. दाव्यांची पाने ओलांडून किरकोळ मजकूर वाचावयाचा: कोठे दवाखाना उघडला, किती जणी आल्या, कोणती बाई औषध घेऊन गेली आणि पुन्हा आलीच नाही. काशीबाई कानिटकरांच्या हाती आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार होता. गुरुबाईंच्या चरित्रकाराला आरंभ अशा तुटक ओळींतून करावा लागेल.